कोड्यांची शिवलेली वही



विषयाला हात घालण्यापूर्वी आपणांस एक कोडे घालतो. आठवड्यात ते सात असतात. कापडाच्या दुकानात पैसे असतील तितके मिळतात. रणांगणावर मात्र आपल्या वाट्याला एकही येऊ नये असे प्रत्येकाला वाटते. ते काय? उत्तर सुचले असले तर शेजारी बसलेल्याला सांगू नका. त्याचाही थोडा वेळ बरा जाऊ द्या.

आज मला बोलावयाचे आहे ते कोड्यांच्या वह्यांविषयी. छापील पुस्तकांविषयी नव्हे. घरच्याच कोणी तरी घरच्याच मुलांसाठी हाताने लिहिलेल्या, चितारलेल्या आणि दोऱ्याने शिवलेल्या वह्यांविषयी. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, उमराव आणि सुखवस्तू घराण्यांत अशा वह्या करण्याची मोठी हौस होती. पांढरे स्वच्छ कागद मधोमध दुमडावयाचे, पाठीवर टाके घालावयाचे, वर रंगीत कागदाचे किंवा रेशमी कापडाचे वेष्टन चढवावयाचे. आत वळणदार अक्षरांत कोडी, बाजूला जलरंगांतली चित्रे, आणि उत्तरे शेवटच्या पानावर किंवा तळाशी उलटी लिहिलेली. कोणाच्या वाढदिवसाला, कोणाला नाताळात, कोणाला गोवर झाल्यामुळे खोलीबाहेर पडता येत नाही म्हणून, अशा निमित्तांनी त्या होत.

एवढा उद्योग ही मंडळी का करीत, असे आपल्या मनात येईल. त्याचे पहिले कारण त्यांच्या घरांच्या रचनेतच आहे. तेथील मोठ्या घरांत मुलांचे दालन निराळे, बहुधा वरच्या मजल्यावर. आईबापांची भेट दिवसातून ठरावीक वेळी. उरलेला सारा वेळ दाई आणि पुढे शिक्षिका यांच्या सहवासात जावयाचा. हिवाळ्यात चार वाजताच काळोख होई. रविवारी खेळणी बाजूला ठेवावी असा धार्मिक घरांचा दंडक असे. अशा वेळी चालेल असा शांत, बसल्या जागेचा आणि शिक्षणाचा देखावा करणारा खेळ म्हणजे कोडे. दुसरे कारण बाहेरचे. १८४० साली एका पेनीत देशात कोठेही पत्र जाऊ लागले, १८६१ साली कागदावरील कर उठला; त्यामुळे लिहिण्याची चैन स्वस्त झाली आणि आत्या-मावश्यांकडून भाचरांना कोड्यांची पत्रे येऊ लागली. कॅथरिन सिंक्लेअर या बाईंनी तर १८६० नंतरच्या काही वर्षांत शब्दांच्या जागी चित्रे घातलेली मुलांची पत्रेच छापून काढली; मुलाने चित्र पाहून शब्द ओळखावयाचा आणि पत्र वाचावयाचे.

एक गोष्ट मात्र येथेच सांगून टाकतो. या वह्या 'घराण्याच्या' म्हणून मिरवल्या तरी त्यांच्यामागचे श्रम पुष्कळदा अविवाहित आत्याचे किंवा तुटपुंज्या पगारावर राहिलेल्या शिक्षिकेचे असत. वहीवर नाव मुलाचे असे; लिहिणारीचे असेलच असे नाही.

ही हौस व्हिक्टोरियाच्या राज्यातच एकाएकी उगवली असे मात्र नव्हे. जेन ऑस्टिनची 'एमा' ही कादंबरी १८१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तीत हॅरिएट नावाची एक साधीभोळी मुलगी आहे. तिला वाचनाची गोडी लावण्याचे व्रत तिच्या श्रीमंत मैत्रिणीने घेतलेले असते. पण व्रत राहते बाजूला आणि दोघी मिळून सुंदर कागदाच्या एका वहीत सापडतील तितकी कोडी उतरवून घेण्याच्या मागे लागतात. एमाच्या वृद्ध वडिलांना तरुणपणची एक उत्तम कोड्याची कविता आठवत असते, पण पहिल्या कडव्यापुढे काही केल्या आठवत नाही. हा अनुभव आपल्याकडील आजोबांनाही नवा नाही. पुढे गावचा तरुण धर्मोपदेशक एक कोडे रचून आणतो. एमा ते क्षणार्धात सोडविते. उत्तर अगदी बरोबर. परंतु कोडे कोणाला उद्देशून आहे हे ती साफ चुकते. ते असते तिच्यासाठी आणि तिला वाटते हॅरिएटसाठी. पुढचा सारा घोटाळा त्यातून उद्भवतो. ऑस्टिन कुटुंबात स्वतः असली कोडी रचण्याचा परिपाठ होता. ती घरगुती कोडी १८९५ साली छापून निघाली, म्हणजे लेखिकेच्या मृत्यूनंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी. तोवर ती घरातच राहिली होती.

आता या वह्यांत कोडी असत तरी कोणत्या प्रकारची? इंग्रजी उदाहरणे मराठीत आणून उपयोग नाही, ती वाटेतच मरतात. म्हणून त्याच घाटाची मराठी उदाहरणे मी येथे जुळवून देतो. ती कच्ची वाटली तर दोष माझा.

एक प्रकार शब्दाचे तुकडे करण्याचा. 'माझा पहिला भाग चुलीत असतो, दुसऱ्याला बैल जुंपतात, आणि मी संपूर्ण निघाले की बैलांचे काही काम उरत नाही.' उत्तर, आगगाडी. ऑस्टिनबाईंच्या कादंबरीतील धर्मोपदेशकाचे कोडे याच जातीचे. दुसरा प्रकार चित्रकोड्याचा. फणा काढलेला साप काढावा, त्याच्या शेजारी दुथडी वाहणारी नदी काढावी, झाले नागपूर. सापाच्या जागी कोल्हा आणला की कोल्हापूर. आमच्या हैदराबादच्या मुलाला तर आणखी एक सोय आहे. त्याने नुसता सोळाचा आकडा काढून पुढे तीच नदी काढावी. उर्दूत वाचले की सोलापूर झाले. लातुरासाठी लाथ मारणारे गाढव आणि तुरीची शेंग चालेल. थोडी चोरी होते, पण चित्रकोड्यात एवढी चोरी क्षम्य मानतात. तिसरा प्रकार आद्याक्षरांचा. कवितेच्या प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर उचलीत खाली आले म्हणजे ज्या मुलाला वही द्यावयाची त्याचे नाव उमटावे. नाव समोर असते आणि दिसत नाही. स्वतःचे नाव असे लपलेले सापडणे हा लहान मुलाला केवढा आनंद असेल, याची कल्पना आपण करू शकाल.

या हस्तलिखित करमणुकीतून पुढे जे वाङ्मय झाले, त्यातील दोन माणसांविषयी थोडे सविस्तर सांगणे अगत्याचे आहे.

पहिला एडवर्ड लिअर. हा पक्ष्यांची चित्रे काढणारा तरुण. लिव्हरपूलजवळ नोस्ले येथे डर्बीच्या उमरावांचा मोठा खाजगी प्राणिसंग्रह होता. त्यातील पशुपक्ष्यांची चित्रे काढण्यासाठी १८३२ च्या सुमारास त्याला तेथे बोलाविण्यात आले. काम पोपट-करकोच्यांचे, पण त्या वाड्यात नातवंडे, पुतणे, भाचे यांचा सुळसुळाट. संध्याकाळी हा चित्रकार मोठ्यांच्या दिवाणखान्यापेक्षा मुलांच्या दालनात अधिक रमू लागला. त्यांच्यासाठी त्याने जी वेडीवाकडी चित्रे काढली आणि त्यांखाली ज्या अर्थहीन पाचओळी कविता लिहिल्या, त्यांचे पुस्तक १८४६ साली निघाले. तेही प्रथम टोपणनावाने. पुढे आयुष्यभर ओळखीच्या घरांतील मुलांसाठी तो हाताने चित्रमय वर्णमाला काढून देत राहिला.

हा लिअर आपल्याकडेही येऊन गेला आहे. १८७३ ते १८७५ या काळात व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक याच्या निमंत्रणावरून तो हिंदुस्थानभर फिरला, आणि १८७४ साली मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्याची कमरबंदावरील कविता छापून आली. तिची सारी गंमत अशी की गोऱ्या साहेबांच्या तोंडी रोज असणारे आपलेच शब्द त्याने मुद्दाम भलत्या अर्थाने योजिले. त्या कवितेत धोबी ही बसावयाची वस्तू आहे आणि कमरबंद हा एक भयंकर प्राणी! शब्दाचा नाद कानी पडावा आणि अर्थ हाती लागू नये, ही परक्या मुलखात आलेल्या माणसाची नेहमीची अवस्था त्याने कोडे करून दाखविली. चार भाषांच्या शहरात राहणाऱ्यांना ती अवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरा माणूस चार्ल्स डॉजसन, म्हणजे ल्युईस कॅरॉल. ऑक्सफर्डमध्ये गणित शिकविणारा, तोतरा, एकाकी. लहानपणी आपल्या भावंडांसाठी तो घरगुती हस्तलिखित मासिके काढीत असे. आपल्याकडील शाळांतून जशी हस्तलिखिते निघत, तशीच. त्याच्या महाविद्यालयाचे प्रमुख डीन लिडेल हे रेव्हन्सवर्थच्या सरदार घराण्याशी नाते असलेले गृहस्थ. प्रसिद्ध ग्रीक कोश ज्या दोघांच्या नावाने ओळखला जातो त्यांपैकी एक. १८६१ च्या नाताळात डॉजसनने त्यांच्या तीन मुलींना एक पुस्तक भेट दिले आणि त्यावर तिघींची नावे आद्याक्षरांत गुंफलेली कविता लिहून दिली. ४ जुलै १८६२ रोजी नौकेतून सहलीला गेले असताना त्याच मुलींनी गोष्टीचा हट्ट धरला. त्या दिवशी सांगितलेली गोष्ट मधल्या मुलीने, ॲलिसने, लिहून मागितली. मग हा गणिती दोन वर्षांहून अधिक काळ ती छापल्यासारख्या अक्षरांत लिहीत बसला, स्वतः सदतीस चित्रे काढली, आणि २६ नोव्हेंबर १८६४ रोजी ती हिरव्या चामड्याच्या बांधणीची वही ॲलिसच्या हाती गेली.

या वहीची पुढची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. ॲलिस मोठी झाली, संसारी झाली, विधवा झाली. १९२८ साली तिने ती लिलावात विकली, तेव्हा तिला पंधरा हजार चारशे पौंड आले. वही अमेरिकेत गेली. काही अमेरिकन सद्गृहस्थांनी वर्गणी करून ती विकत घेतली आणि १९४८ साली ब्रिटिश जनतेला परत दिली. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. एका मुलीसाठी केलेली वही राष्ट्राची ठेव झाली.

परंतु माझ्या दृष्टीने त्याहून मौजेची गोष्ट निराळीच आहे. या पुस्तकातले जगप्रसिद्ध कोडे, डोमकावळा आणि लिहिण्याचे मेज यांत साम्य कोणते, ते या हस्तलिखित वहीत नाहीच. तो चहापानाचा प्रसंग १८६५ साली पुस्तक छापताना नव्याने घातलेला. आणि त्या कोड्याला मुळात उत्तरच नव्हते! लोकांनी पत्रांचा भडिमार केला तेव्हा १८९६ साली नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत कॅरॉलने एक उत्तर दिले आणि हे मागाहून सुचलेले आहे अशी कबुलीही दिली. त्या उत्तरात 'कधीही नाही' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याने एक अक्षर मुद्दाम चुकवून लिहिला होता, कारण तो तसा लिहिला म्हणजे उलटा वाचल्यावर डोमकावळ्याचे इंग्रजी नाव होते. छापखान्यातल्या कोणा कर्तव्यदक्ष माणसाने ती 'चूक' दुरुस्त केली. विनोद मेला. लेखक १८९८ च्या जानेवारीत वारला. ही गोष्ट १९७६ साली एका अभ्यासकाच्या ध्यानात येईपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. कोडे हाताने का लिहावे, याचे याहून चांगले कारण मला माहीत नाही. हस्तलिखितात मुद्रितशोधक नसतो.

कॅरॉलचा हा छंद शेवटपर्यंत सुटला नाही. १८७१ च्या दुसऱ्या ॲलिस-पुस्तकाच्या शेवटी एकवीस ओळींची कविता आहे. तिच्या आद्याक्षरांत त्या मुलीचे संपूर्ण नाव आहे. पुढे लॉर्ड सॉल्सबरी यांच्या हॅटफील्डच्या वाड्यात तो पाहुणा म्हणून जाई आणि त्यांच्या मुलांना गोष्टी सांगे. हे सॉल्सबरी म्हणजे त्याच काळात आपल्या देशाचा कारभार लंडनहून पाहणारे हिंदुस्थानमंत्री. मुलांच्या दालनात कोडी आणि खालच्या दालनात हिंदुस्थानचे खलिते, असे ते घर.

आता इकडे, दख्खनेत येऊ. कोड्याला आपल्या भाषेत शब्द किती, हे पाहण्यासारखे आहे. कोडे, कूट, आहाणा, हुमाण, उखाणा. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ सालची. त्यात उखाण्याचा अर्थ कोडे असाच आहे. आज लग्नमंडपात नवरीला 'उखाणा घे' म्हणतात तेव्हा आपल्याला कोडे आठवत नाही, पण नाते उघड आहे. एका प्रकारात वस्तूचे नाव लपवावयाचे, दुसऱ्यात जे नाव एरवी उच्चारावयाचे नाही ते यमकाच्या पडद्याआडून उच्चारावयाचे. आमच्या शेजारी तेलुगू घरांत त्याला पोडुपुकथा म्हणतात, आणि दख्खनी बोलणारे पहेली. हैदराबादच्या एकाच वाड्यात, एकाच अंगणात, संध्याकाळी ही सारी नावे ऐकू येत असत.

जुन्यांनी तर कोड्याला विद्येचा मान दिला होता. कामसूत्रातील चौसष्ट कलांत प्रहेलिका आहे. दंडीने 'काव्यादर्शा'त तिचे सोळा प्रकार मोजले आहेत. यक्षाच्या प्रश्नांना उत्तरे न देता पाणी पिणाऱ्या चार भावांचे काय झाले हे आपण लहानपणीच ऐकतो. प्राणांशी गाठ असलेले कोडे याहून कोणते? मराठीत मोरोपंतांनी शंभरावर रामायणे रचली अशी त्यांची ख्याती, आणि त्यांतील 'मंत्ररामायणा'त श्लोकांच्या अक्षरांत त्रयोदशाक्षरी राममंत्र ओवलेला आहे. कॅरॉलने मुलीचे नाव ओवले, पंतांनी रामाचे. युक्ती एकच.

या शहराच्या जन्माशीही एक कोडे जोडलेले आहे. अरबी-फारसी लिपीत प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असते. 'या हाफिज', म्हणजे 'हे रक्षणकर्त्या', या दोन शब्दांतील अक्षरांची बेरीज करून पाहा: ये दहा, अलिफ एक, हे आठ, पुन्हा अलिफ एक, फे ऐंशी, जोय नऊशे. एकूण एक हजार. हिजरी सन १०००, म्हणजे इसवी सन १५९१-९२. चारमिनाराचे साल परंपरेने या शब्दांतून सांगतात. आपल्या पंडितांची रीत याहून वेगळी. 'नेत्र, बाण, ऋषी, चंद्र' असे म्हटले की दोन, पाच, सात, एक. आणि अंक उलट्या क्रमाने वाचावयाचे म्हणून साल निघाले १७५२. एकाच गावात या दोन्ही रीती जाणणारे लोक होते. निजामाच्या राज्यात रायरायानांसारखी दफ्तरदारी करणारी मराठी घराणी होती. त्यांच्या कारकुनाला फारसीही लागे आणि मोडीही.

पहेलीचा विषय निघाला की अमीर खुसरौचे नाव येतेच. तो १३२५ साली वारला. त्याच्या नावावर चालणाऱ्या पहेल्यांत हुक्क्यावरचीही एक आहे. आणि तंबाखू तर पोर्तुगीजांच्या मागोमाग या देशात आली. असद बेग नावाच्या सरदाराने ती सतराव्या शतकाच्या आरंभी आमच्या दख्खनेतील विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. तेव्हा ती पहेली खुसरौची असणे शक्य नाही. पण यात फसवणूक पाहू नये. कोड्याला कर्ता नसतो. ज्याच्या तोंडी शोभेल त्याच्या नावावर लोक ते चढवितात.

मग इंग्लंडातल्यासारख्या वह्या आपल्याकडे होत्या की नाही? थोड्या निराळ्या रूपात होत्या. आपली बाडे ती हीच. लांबट कागदांची, एका बाजूस शिवलेली, कापडात गुंडाळलेली. त्यांत अभंग, आरत्या, पदे, औषधे, उधारीचे आकडे आणि मधेच कुठे कूटश्लोक. धुळ्याला शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतून अशी बाडे परिश्रमपूर्वक मिळवून समर्थ वाग्देवता मंदिरात ठेविली म्हणून ती वाचली. परंतु बाड हे मोठ्यांचे. खास मुलांसाठी पुस्तक करण्याची हौस मराठी राजघराण्यात दिसते ती तंजावरला. सरफोजी राजांच्या कारकीर्दीत, १८०६ साली, इसापाच्या गोष्टींचे मराठी रूपांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने तेथे छापले गेले. व्हिक्टोरिया तेव्हा जन्मलीही नव्हती. मराठी मुलखापासून इतक्या दूर, तमिळ प्रदेशात राहून, मुलांची मराठी टिकावी म्हणून ते घराणे छापखाना चालवीत होते, ही गोष्ट हैदराबादच्या मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कारण आपल्या बायकांची कोडी कोणत्याच बाडात गेली नाहीत. ती जात्यावर, परसात, अंगणात, झोपताना सांगावयाची. मराठवाड्यातील बायकांच्या ओव्यांचे भाग्य निराळे. त्या डॉ. ना. गो. नांदापूरकर यांनी 'मराठीचा मोहोर' या संग्रहात टिपून ठेविल्या. हुमाणांना असा वाली क्वचितच मिळाला. ओवी गाणे असते, तिला सूर धरून ठेवतो. हुमाण म्हणजे दोन वाक्ये. सांगणारी गेली की तीही गेली.

आणि या शहरात धोका दुहेरी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हैदराबादची मराठी मंडळी येथेच राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनी उभी करणाऱ्यांना मुलांनी मराठीत शिकावे यासाठी झगडावे लागले होते. आता झगडा कोणाशी नाही, म्हणूनच तो अधिक कठीण. मुले इंग्रजीत शिकतात, रस्त्यावर दख्खनी आणि तेलुगू बोलतात, घरी मराठी समजतात. 'जेवलास का?' एवढे मराठी पुष्कळ पिढ्या टिकते. पण पुढचे कोडे पाहा: 'झाडावर मी हिरवे, पुस्तकात मी पांढरे, पंगतीत माझ्यावर वाढतात आणि विड्यात मलाच खातात.' उत्तर, पान. हे कोडे इंग्रजीत सांगता येत नाही. तेथे या चार वस्तूंना चार निरनिराळे शब्द आहेत. ज्या मुलाला 'पान' या शब्दाचे चारही अर्थ ठाऊक नाहीत त्याला ते सुटत नाही. सुटले नाही की ते पुढच्याला सांगत नाही. भाषेतून प्रथम गळते ते हेच, शब्दाच्या अंगचे दुहेरी-तिहेरीपण. आणि गळते ते इतके हळू की घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

सालारजंग संग्रहालयात लहान मुलांची खेळणी काचेत ठेविलेली आपण पाहिली असतील. खेळणे पत्र्याचे असते, ते राहते. कोड्याची वही मुलाच्या हातात फाटते, तिच्यावर दूध सांडते, उत्तरांचे पान हरवते. इंग्लंडातही ज्या वाचल्या त्यांहून कितीतरी अधिक अशाच गेल्या असतील.

तेव्हा ज्यांना हौस असेल त्यांच्यासाठी कृती सांगतो. आठ कागद घ्यावेत, मधोमध दुमडावेत. सोळा पाने होतात. मध्यावर दाभणाने तीन भोके पाडून जाड दोरा मधल्या भोकातून आत घालावा, वरच्या भोकातून बाहेर काढून खालच्यातून आत घ्यावा, आणि पुन्हा मधल्यातून बाहेर काढून पक्की गाठ मारावी. एका पानावर एकच कोडे. चित्र मुलाकडून काढवावे, अक्षर आजीचे असावे. आजीला मोडीच येत असेल तर मोडीत लिहावे, तेवढे एक कोडे अधिक. कोडे कोणाकडून ऐकले, कोणत्या गावचे, हे खाली बारीक अक्षरात नोंदवावे; परभणीकडे एका वस्तूला जे म्हणतात ते बिदरकडे म्हणतीलच असे नाही, आणि कोडे पुष्कळदा त्या एका शब्दावरच उभे असते. उत्तरे शेवटच्या पानावर उलटी लिहावीत. कोणाचे शुद्धलेखन चुकले असेल तर लगेच दुरुस्त करू नये. आधी तो शब्द उलटा वाचून पाहावा.

राहता राहिले आरंभीचे कोडे. आठवड्यात सात, कापडाच्या दुकानात हवे तितके, आणि रणांगणावर एकही नको. मीटर आल्यापासून मधला दुवा तुटत चालला आहे. आजोबांच्या सदऱ्याला अडीच लागत, नातवाला ते माप ठाऊक नाही. ज्यांना उत्तर आले त्यांनी आता शेजारच्याला सांगावयास हरकत नाही: वार.